‘मेल केलंय बघा’ : रीड रिसीट मागायची कशी, नाकारायची कशी

बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीनशॉपच्या ऑफिसात मी बसतो. कोटेशन, ड्रॉइंग, इनव्हॉइस, टेस्ट सर्टिफिकेट सगळं मेलवरनं जातं, पुण्याला, कोल्हापूरला, बेंगळूरला, होसूरला. आणि मेल गेला की पाच मिनिटात शेठ केबिनमधनं विचारणारच, "बघितलं काय त्यांनी?" आता मला काय म्हाईत. मग फोन लावायचा, "सर, मेल केलंय बघा." पलीकडनं उत्तर ठरलेलं, "हां हां, बघतो." म्हणजे बघितलेला नसतो.

तर एक दिवस आऊटलुकमध्ये मला ते रीड रिसीटचं बटण घावलं. समोरच्यानं मेल उघडला की आपल्याला पावती येते म्हणे. मी काय केलो, जाणाऱ्या प्रत्येक मेलला ती लावून टाकली, सेटिंगमधनंच. आठवडाभर लै मजा आली, शेठ विचारायच्या आत मीच सांगायचो, "अकरा चाळीसला उघडलाय." आठवड्यानंतर एका कस्टमरकडच्या परचेसच्या मॅडमचा फोन, "अहो, तुमचा मेल उघडला की दरवेळी ती खिडकी उभी राहते, पावती पाठवू का म्हणून. ऑर्डरच्या मेलला ठीक आहे हो, खरं दिवाळीच्या शुभेच्छांना पण पावती?" त्यांनी हसत हसत सांगितलं म्हणून बरं, नाहीतर माझे कान लाल झाले होते त्या दिवशी.

त्यानंतर हे प्रकरण नीट समजून घेतलं. आता ऑफिसात नवीन पोरगं आलं की त्याला मी हे सगळं सांगत बसतो, म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

आधी पोच म्हणजे काय ते बघा

आपल्याकडच्या माणसाला पोच काय असते ते शिकवायला नको. कचेरीत अर्ज द्यायला गेलं की दोन प्रती न्यायच्या, एक त्यांना, दुसरीवर शिक्का आणि सही घ्यायची, वर इनवर्ड नंबर. माझ्या वडलांकडं अशा शिक्क्यांच्या प्रतींची एक आख्खी पिशवी होती, खानापूरच्या, बेळगावच्या, घर बदललं तरी पिशवी बदलली नाही. आणि लांब पाठवायचं असलं तर तेव्हा रजिस्टर एडी. ते एडीचं कार्ड सही होऊन परत आलं की घरात समाधान असायचं. खरं त्या कार्डावर सही कुणाची? बऱ्याचदा शिपायाची, कधी वॉचमनची. पाकीट पोचलं एवढंच ते कार्ड सांगायचं. साहेबांनी वाचलं असा दावा त्या कार्डानं कधी केला नाही आणि आम्ही पण कधी धरून बसलो नाही.

मेलचं पण डिट्टो तसंच आहे, फक्त लोक विसरतात. इथं तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, मेल त्यांच्या सर्व्हरपर्यंत गेला, ही डिलिव्हरी रिसीट. दोन, त्यांच्या मेलच्या प्रोग्रामनं तो "वाचला" असं धरलं, ही रीड रिसीट. तीन, माणसानं स्वतः दोन ओळी टाइप करून कळवलं, मिळाला, बघतो, अमुक दिवशी सांगतो. पहिल्या दोन मशीनच्या पावत्या, तिसरी माणसाची. सगळा घोळ होतो तो पहिल्या दोनला तिसरी समजल्यानं.

डिलिव्हरी रिसीटवर फार वेळ घालवत नाही. ती सर्व्हर देतो, समोरच्याला कळत पण नाही. मेल स्पॅममध्ये जाऊन पडला तरी सर्व्हरच्या हिशेबानं तो पोचला. आणि आऊटलुकवाल्यांना कधी कधी असा मेसेज येतो की डिलिव्हरी पूर्ण झाली खरं पलीकडच्या सर्व्हरनं पोच दिली नाही, तो एरर नाही, घाबरून परत पाठवू नका. त्याचा अर्थ आपण टप्पाल त्यांच्या गेटात दिलं, गेटवाल्यानं सही केली नाही. आमच्या ऑफिसात एकानं हा मेसेज बघून एकच इनव्हॉइस चार वेळा पाठवला होता, पलीकडच्या अकाउंट्सनी विचारलं, बिल चार आहेत काय एक.

रीड रिसीट मात्र समजून घ्यायला पाहिजे. तुम्ही ती मागितली की तुमच्या मेलच्या डोक्यावर, जे आपल्याला दिसत नाही त्या भागात, एक ओळ लागते, ‘डिस्पोझिशन नोटिफिकेशन टू’ आणि पुढं तुमचा पत्ता. बस्स एवढंच. ही एक विनंती आहे, हुकूम नाही. समोरच्याचा प्रोग्राम ती ओळ बघतो आणि मालकाला विचारतो, यांनी पावती मागितलीय, देऊ काय? मालक हो म्हणाला तर एक छोटा मेल आपोआप परत येतो. याचं स्टँडर्ड 1998 सालचं आहे, 2004 ला सुधारलं, 2017 ला परत नव्यानं लिहिलं, त्याचा नंबर आरएफसी 8098 (इंटरनेटच्या नियमांच्या कागदांना आरएफसी म्हणतात). त्यात सरळ धरलंय की वाचणाऱ्याच्या संमतीशिवाय पावती जायला नको, आणि नको म्हणायची सोय त्याला पाहिजेच. म्हणजे कुणी तुमच्या रिसीटला नाही म्हटलं तर त्यानं काही उद्धटपणा केला असं नाही, ही सोय पहिल्यापासनंच ठेवलेली आहे.

मागायची कशी

जीमेल. तुमचा साधा जीमेल असेल, म्हणजे घरचा, फुकटचा, तर शोधत बसू नका, त्यात हा ऑप्शनच नाही. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या गूगल वर्कस्पेस अकाउंटला आहे, ते पण तुमच्या अ‍ॅडमिननं चालू ठेवलं असेल तर. कॉम्प्युटरवर कंपोज उघडायचं, खाली उजवीकडं तीन टिंबं आहेत त्यात ‘रिक्वेस्ट रीड रिसीट’, त्यावर टिक करून पाठवायचं. ग्रुपच्या पत्त्यावर, म्हणजे सेल्स अ‍ॅट अमुक असला पत्ता असतो जो दहाजणांना जातो, त्यावर ही पावती येत नाही. लै जण इथंच अडकतात, मोठ्या कंपन्यांचे निम्मे पत्ते असलेच असतात.

आऊटलुक. जुन्या डेस्कटॉपवाल्यात नवीन मेल उघडून वर ‘ऑप्शन्स’च्या टॅबमध्ये दोन चौकोन दिसतील, एक डिलिव्हरीचा, एक रीडचा. पाहिजे त्याच मेलला टिक करा. फाइल, ऑप्शन्स, मेल, मग खाली ‘ट्रॅकिंग’ इथं जाऊन सगळ्या मेलना कायमची लावता येते, आणि तेच करू नका हे मी अनुभवानं सांगालोय. नवीन आऊटलुकमध्ये आणि ब्राउझरमधल्या आऊटलुकमध्ये ते मेसेज ऑप्शन्समध्ये असतं.

थंडरबर्डमध्ये लिहायच्या खिडकीत ‘ऑप्शन्स’ मेनूत ‘रिटर्न रिसीट’. आमच्याकडं दोन जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, तिथं हाच आहे आणि झकास चालतो.

आयफोनच्या मेल अ‍ॅपमध्ये रिसीट मागायचं बटण नाही. आणि समोरचा फोनवरनं मेल बघत असेल तर पावती यायची खात्री अजून कमी, कारण पावती द्यायची की नाही हे त्याच्या अ‍ॅपवर आहे. आता आपल्याकडं कारखान्याचे मालक, इंजिनीअर, काँट्रॅक्टर सगळे मेल फोनवरच उघडतात, तेव्हा पावती आली नाही म्हणजे वाचला नाही असं धरून भांडायला जाऊ नका.

आली तरी तिचा अर्थ काय

समजा पावती आली. आता शेठला जाऊन सांगायचं काय, वाचला म्हणून? जरा थांबा.

आऊटलुकला मेल ‘रीड’ म्हणून मार्क झाला की पुरे. समोरच्यानं सकाळी येऊन चहा घेत घेत सगळे मेल सिलेक्ट केले आणि ‘मार्क अ‍ॅज रीड’ मारलं तरी तुम्हाला पावती जाऊ शकते. काहीजणांचं सेटिंग असं असतं की बाजूच्या प्रिव्ह्यूत दोन-चार सेकंद दिसला की वाचला धरायचं. मोठ्या साहेबांचे मेल त्यांचा पीए उघडतो, त्याची पण पावती साहेबांच्याच नावानं येते. म्हणजे परत तीच एडी कार्डावरची वॉचमनची सही.

याच्या उलट पण होतं. आऊटलुकमधनं ‘नॉट रेड’ अशी एक पावती येते, म्हणजे न वाचताच डिलीट केला. मला अशी एक आली होती, मेल पाठवून सात-आठ महिने झाल्यावर. कोटेशन होतं, ऑर्डर दुसऱ्याला गेलेली, माल पण लागून गेला असेल, आणि एका दुपारी पावती येते की तुमचा मेल न वाचता काढून टाकला. बहुतेक त्या साहेबांनी मेलबॉक्स भरला म्हणून साफसफाई काढली असणार. ती पावती वाचून जे वाटलं ते इथं लिहीत नाही.

आता खिडकीतनं बघणारे

इथपर्यंत जे सांगितलं ते दारावर थाप मारून विचारणं आहे. समोरचा हो म्हणेल, नाही म्हणेल, निदान त्याला कळतं तरी. दुसरा एक प्रकार आहे जो खिडकीच्या फटीतनं बघतो, आणि खरी काळजी त्याची करायची.

माझा भाचा शहापुरात राहतो, इंजिनीअरिंग झालंय, पुणे-बेंगळूरच्या कंपन्यांना रेझ्युमे पाठवालंय. कुणीतरी सांगितलं म्हणून ब्राउझरमध्ये एक ट्रॅकिंगचं एक्स्टेंशन, म्हणजे मेल उघडला की कळवणारा जोडप्रोग्राम, घालून घेतलं. एक दिवस नाचतच घरात, "मामा, माझा मेल अकरा वेळा उघडलाय त्यांनी, पहिल्या मिनिटात तीनदा!" त्याच्या आईनं कॅम्पातनं कुंदा मागवायचा बाकी ठेवला होता फक्त. मी म्हटलं, थांब जरा. कुठला एचआर पहिल्या मिनिटात तीनदा मेल उघडतो? मेल आल्या आल्या कंपनीचा सिक्युरिटी स्कॅनर आतली चित्रं आणि लिंक आपणच उघडून तपासतो, त्याची ती उघडझाप होती. त्या कंपनीकडनं पुढं काही आलं नाही. पोरगं चार दिवस गप्प होतं. मेलमधल्या त्या आकड्यानं त्याला फुकट चढवलं आणि फुकट उतरवलं.

हे चालतं कसं ते सांगतो. मेलमध्ये एक चित्र घालतात, एक पिक्सेल बाय एक पिक्सेल, पारदर्शक, डोळ्याला दिसतच नाही. ते चित्र मेलमध्ये नसतं, लांब कुठल्यातरी सर्व्हरवर असतं आणि प्रत्येक माणसासाठी त्याचा पत्ता वेगळा. तुम्ही मेल उघडला, प्रोग्राम ते चित्र आणायला गेला, की त्या सर्व्हरच्या वहीत नोंद, अमुक माणूस, अमुक वेळ, अमुक प्रकारचा फोन, आणि आयपी पत्त्यावरनं, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या नंबरावरनं, साधारण कुठल्या गावात. तुम्हाला कुणी काही विचारलंच नाही. बँका, शॉपिंग, कोर्सवाले, सेलवाले यांच्या जाहिरातीच्या मेलमध्ये हे सर्रास असतं.

2019 मध्ये अमेरिकेतल्या सुपरह्यूमन नावाच्या महागड्या मेल अ‍ॅपवरनं मोठा गोंधळ झाला होता. त्यांच्या ग्राहकानं पाठवलेला मेल कुणी, कधी, किती वेळा उघडला हे तर दिसायचंच, वर कुठल्या ठिकाणी उघडला हे पण दिसायचं, आणि ते सगळं आपोआप चालू. लोकांनी झोडपल्यावर त्यांनी जागा दाखवणं काढलं आणि बाकीचं मुळात बंद ठेवून ज्याला पाहिजे त्यानं चालू करावं असं केलं. विचार करा, आपली एखादी मुलगी गाव सोडून बेंगळूरला नोकरीला आहे आणि नको असलेला माणूस तिला मेल करतो, ती उघडते, उत्तर देत नाही, तरी त्याला कळतं ही अमुक शहरात आहे. माझ्या नजरेत ही पोच नाही, पाळत आहे.

मोठ्या कंपन्यांनी थोडं अडवलंय. जीमेल डिसेंबर 2013 पासनं सगळी चित्रं स्वतःच्या सर्व्हरमधनं आणून दाखवतो, म्हणजे पाठवणाऱ्याला तुमचा आयपी दिसत नाही, खरं उघडला हे आणि कधी उघडला हे कळू शकतं. अ‍ॅपलनं 2021 मध्ये आयओएस 15 बरोबर मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं, ते चालू असलं की फोन चित्रं आधीच आडवाटेनं आणून ठेवतो, तुम्ही मेल बघा नाहीतर बघू नका. म्हणजे ट्रॅकिंगवाल्याला तो मेल ‘उघडला’ दिसतो आणि तुमचा फोन उशाशी चार्जिंगला पडलेला असतो. भाच्याला मी हे दाखवलो तेव्हा त्यानं ते एक्स्टेंशन काढलं एकदाचं.

खिडकी लावून घ्यायची कशी

जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर गिअरचं चिन्ह, ‘सी ऑल सेटिंग्ज’, पहिल्याच ‘जनरल’ पानावर थोडं खाली ‘इमेजेस’. तिथं ‘आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस’ निवडा आणि पान संपेपर्यंत खाली जाऊन ‘सेव्ह चेंजेस’ दाबा, हे शेवटचं बटण निम्मे लोक विसरतात आणि मग म्हणतात होत नाही. फोनवर मेनू, सेटिंग्ज, आपलं अकाउंट, आणि तिथं ‘इमेजेस’. झालं. आता मेल थोडे रूक्ष दिसतील, चित्राच्या जागी रिकामे चौकोन. ज्याचं बघायचंय त्याचं एका टिचकीत दिसतं, सवय होते.

आयफोनवर सेटिंग्जमध्ये (नवीन आयओएसवर आधी ‘अ‍ॅप्स’मध्ये जाऊन) मेलच्या आत ‘प्रायव्हसी प्रोटेक्शन’, तिथं ‘प्रोटेक्ट मेल अ‍ॅक्टिव्हिटी’ चालू करा. जुना डेस्कटॉप आऊटलुक आणि थंडरबर्ड दोघं बाहेरची चित्रं मुळातच अडवतात, फक्त कुणी हुशारी करून ती चालू केली नाहीत ना हे बघा.

चित्रं अडवली म्हणून सगळं झालं असं नाही. लिंकवर टिचकी मारली तर ती आधी त्यांच्याच सर्व्हरवरनं जाते आणि तिथं नोंद होते. जाहिरातीच्या मेलमधल्या लिंकवर न जाता सरळ त्यांच्या साइटवर गेलं की तो प्रश्न मिटतो.

आणि रिसीट आपल्याकडं कुणी मागितली तर? आऊटलुकच्या त्याच ‘ट्रॅकिंग’ पानावर तीन पर्याय आहेत, नेहमी पाठव, कधीच पाठवू नको, दरवेळी विचार. माझा ‘दरवेळी विचार’ आहे. ओळखीचा कस्टमर, पेमेंटचा विषय, ड्रॉइंगची नवी रिव्हिजन, असलं काही असलं की द्यायची, त्यात आपलं काय जातंय. अनोळखी पत्ता असेल तर कधीच नाही, कारण फसव्या मेलवाल्यांना तेवढंच पाहिजे असतं, हा पत्ता जिवंत आहे आणि इथं माणूस बसलाय. वर्कस्पेसच्या जीमेलमध्ये पण आता देऊ की नंतर असं विचारतं, नंतर म्हटलं तर पुढच्या वेळी परत विचारतं.

कायद्यात वाचलं म्हणजे काय

मी वकील नाही, तरी एवढं वाचून ठेवलंय कारण आमचं एकदा डिलिव्हरीच्या तारखेवरनं वाजलं होतं. आपला आयटी कायदा 2000 चा. त्याच्या कलम 13 प्रमाणं, समोरच्यानं मेलसाठी ठरावीक पत्ता दिला असेल तर मेल त्या यंत्रणेत शिरला त्या वेळी ‘मिळाला’. उघडला काय, वाचला काय, याचा तिथं संबंध येत नाही. म्हणून ऑर्डरमध्ये किंवा करारात "सगळा पत्रव्यवहार या मेल आयडीवर" अशी एक ओळ आधीच घालून घेणं हे शंभर रीड रिसीटपेक्षा भारी. कलम 12 पोचेबद्दल आहे. पोच कशी द्यायची हे आधी ठरलं नसेल तर समोरच्याचा कुठलाही निरोप चालतो, आपोआप गेलेला पण चालतो, आणि मेल मिळाल्याचं दिसेल असं त्याचं वागणं पण चालतं. म्हणजे तुम्ही ड्रॉइंग पाठवलं आणि त्यांनी त्याच ड्रॉइंगवर शंका विचारणारा मेल केला, झाली पोच.

दुसरं, 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं पुट्टस्वामी खटल्यात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क धरला आणि 2023 मध्ये डिजिटल पर्सनल डेटाचा कायदा आला, त्याचा सगळा रोख विचारून, सांगून माहिती घेण्यावर आहे. तुमचा धंदा असेल आणि गिऱ्हाइकांना तुम्ही ट्रॅकिंगवाले मेल सोडत असाल तर तुमच्या सीएला नाहीतर वकिलाला विचारा, त्या वाटेला मी इथं जात नाही.

सरकारी कामाला मात्र मेलवर अजिबात विसंबू नका. मेल करा, तारीख राहते, खरं जिथं ‘सकाला’खाली, म्हणजे ठरल्या मुदतीत काम करून द्यायच्या कर्नाटक सरकारच्या योजनेखाली, अर्ज करता येतो तिथं तो करा आणि जीएससी नंबर, म्हणजे त्या अर्जाचा नंबर, घ्या. कर्नाटकात 2012 पासनं ही सोय आहे, त्या पावतीवर नंबर असतो आणि काम किती दिवसात व्हायला पाहिजे ते ठरलेलं असतं. माहिती अधिकारात पण तसंच, 30 दिवस. ज्या पोचेबरोबर मुदत येते ती पोच खरी कामाची.

मागायची कधी, कुणाला

माझा हिशेब साधा आहे. हा मेल मी पूर्वी रजिस्टर एडीनं पाठवला असता काय? हो असेल तर रिसीट मागा. नसेल तर सोडून द्या. रेट बदलल्याची नोटीस, ड्रॉइंगची नवी रिव्हिजन जिच्याशिवाय माल रिजेक्ट होईल, टेंडरचे कागद, राजीनामा, हे एडीवाले. "काल बोलल्याप्रमाणे" वाले मेल एडीवाले नाहीत.

मागताना मेलमध्येच एक ओळ टाका, "तारखेची नोंद ठेवायची म्हणून रिसीट मागितली आहे, नाही दिली तरी चालेल, दोन शब्दात उत्तर दिलं तरी पुरे." या एका ओळीनं समोरच्याच्या कपाळावरची आठी जाते, हे त्या परचेसच्या मॅडमनीच मला नंतर सांगितलं.

वरच्या माणसाला, म्हणजे आपल्या साहेबाला, सरांना, गाइडला, रिसीट मागू नका. कायद्यात चुकीचं काही नाही, खरं आपल्याकडं ते बरं दिसत नाही. गुरुजींना वही दिली आणि उभं राहून "वाचली काय?" विचारल्यासारखं होतं. दोन-तीन दिवस थांबा, मग त्याच मेलला रिप्लाय करून नम्रपणे आठवण द्या, नवा मेल काढू नका म्हणजे जुना खालीच दिसतो.

चाळीसजणांना एकदम मेल जात असेल तर रिसीट नकोच, तुमच्याच डब्यात चाळीस पावत्या येऊन पडतील आणि त्यात कामाचा मेल हरवेल. अशा वेळी "येणार असाल तरच कळवा" असं लिहा. आणि सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील असे टाकू नका, बीसीसीत टाका, प्रायव्हसी म्हणतात ती इथनं सुरू होते.

सगळ्यात वाईट म्हणजे पावती बघून माणसाला पकडणं. "तुम्ही काल सव्वादहाला मेल उघडलाय, अजून उत्तर नाही." असं लिहू पण नका आणि बोलू पण नका. माणूस बसमध्ये असेल, दवाखान्यात असेल, किंवा आमच्या शेठसारखा चष्मा घरी विसरला असेल. एकदा हे बोललात की तो माणूस पुढच्या वेळेपासनं तुमचा मेल उघडताना दहादा विचार करतो.

व्हॉट्सअ‍ॅपनं आपली सवय बिघडवली हे पण आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात आमच्या गावाचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं त्याच महिन्यात, व्हॉट्सअ‍ॅपच्या टिका निळ्या झाल्या. तेव्हापासनं निळं झालं आणि उत्तर नाही म्हणजे अपमान. मेलला तोच नियम लावायला जाऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पण प्रायव्हसीमध्ये जाऊन रीड रिसीट बंद करता येते, मग तुम्हाला पण दुसऱ्याची निळी टिक दिसत नाही, हा सौदा मला न्याय्य वाटतो. ग्रुपमध्ये मात्र ती बंद होत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

उत्तर मिळेल असा मेल

इतकं सगळं करून शेवटी मला जे घावलं ते फार साधं आहे, रिसीट मागण्यापेक्षा उत्तर द्यायला सोपा मेल लिहायचा. विषयाच्या ओळीतच काय पाहिजे ते लिहा. "कोटेशन" असा विषय असला की कुणी उघडत नाही. "पंप हाउसिंगचं कोटेशन, बुधवारपर्यंत होकार पाहिजे" असा असला की न उघडता पण काम कळतं. शेवटी एकच प्रश्न ठेवा, ज्याचं उत्तर हो, नाही किंवा एक तारीख असेल. तीन प्रश्न विचारले की माणूस सगळ्यांची उत्तरं गोळा करून मग लिहू म्हणतो आणि ते राहूनच जातं.

भाषेचं आपल्याकडं एक वेगळंच आहे. एकाच दिवसात पुण्याला मराठीत, बेंगळूरला इंग्लिशमध्ये आणि इथल्या ऑफिसला कन्नडमध्ये. पोचेची ओळ मात्र समोरच्याच्या भाषेत मागितली तर उत्तर लौकर येतं, हा माझा अनुभव. आमच्या शेजारच्या युनिटमधल्या आण्णांनी मला एक कन्नड ओळ लिहून दिलीय, ती मी चिकटवतो, आणि पलीकडनं फोन येतो, "मेल बंदैत्री, नोड्तेन्री." म्हणजे मेल आलंय, बघतो. काम झालं.

आपण स्वतः पण पोच द्यायची सवय लावून घ्या की. पूर्ण उत्तराला वेळ लागणार असेल तर आधी एवढंच टाका:

"आपला मेल मिळाला. ड्रॉइंग बघून शुक्रवारी दुपारपर्यंत रेट कळवतो. घाई असेल तर फोन करावा."

तीन वाक्यं, अर्धा मिनिट. आणि आपल्याला पावती द्यायची नसेल खरं माणूस महत्त्वाचा असेल तर रिसीटला नाही म्हणून वर हेच तीन वाक्यांचं उत्तर द्या, त्याला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं. माझ्या मेलच्या खाली आता सहीच्या वर कायम एक ओळ असते, "मिळाला एवढं कळवलंत तरी पुरे." त्या परचेसच्या मॅडम त्यावर फक्त "मिळाला" एवढा एकच शब्द पाठवतात, कधी कधी पुढं तारीख.

काल संध्याकाळी परत तेच झालं. मेल गेला आणि पाच मिनिटात केबिनमधनं आवाज, "बघितलं काय त्यांनी?"

"पोचलंय म्हणालेत. सोमवारी रेट फायनल करतो म्हणालेत."

"मग सोमवारी विचार," म्हणाले शेठ, आणि चहा सांगितला.